कुत्रं उपाशी ठेवता काय, वहिनी?

आमच्या गल्लीत कुणाकडं पाहुणा उतरला की संध्याकाळपर्यंत त्याचं गाव, पगार आणि सोयरीक सगळ्यांना तोंडपाठ होते. शेजारच्या वहिनींकडं उतरलेल्या पाहुणीचं मात्र कुणालाच काही जमेना. एक जण म्हणाला, हरणाचं पाडस आणून बांधलंय, फॉरेस्टवाल्यांना खबर लागली तर जामीन मिळायचा नाही. दुसरा म्हणाला, वहिनींच्या दिरानं लाखभर मोजून फॉरिनचं कुत्रं आणलंय. समोरच्या मामींनी दोघांनाही गप्प केलं. "फॉरिनचं असो नाहीतर मोंढ्यातलं, खायला घालत नाहीत बिचाऱ्याला. बरगड्या मोजून घ्या, एक कमी भरली तर नाव बदला माझं."

हे वहिनींच्या कानावर जायला कितीसा वेळ? मी तारेवरचे कपडे काढत होते, तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

"बाई, ऐकलं का? मी म्हणे कुत्रं उपाशी मारायले!"

"कोण म्हणालं?" मी उगाच विचारलं.

"कोण म्हणणार? मामी. सकाळच्याला ज्वारीची भाकर ताकात कुस्करून देते. राती दूध, कधी अंडं. मटण केलं त्या दिवशी तिचा वाटा आधी काढते, मंग माणसांचा. आमचे हे म्हणतात, मला कधी एवढ्या मानानं वाढलं नाही. अन् ही खाती किती? चार घास घेती अन् तोंड फिरवती. उरलेलं बोक्या खायलाय. त्या बोक्याकडं पाहा जरा, कसा सुटलाय!"

बोक्या खरंच सुटला होता. आणि ती पाहुणी, हरणी तिचं नाव, लिंबाखाली उभी राहून आमच्या दोघींच्या मधून पार लांब, रस्त्याच्या टोकाला काहीतरी पाहत होती. फिकट बदामी रंग. लांबोडकं निमुळतं तोंड, खोल छाती, पोट पाठीला लागलेलं. अंगावरचे केस आखूड, तुळतुळीत. पण कानांवरून, शेपटीखालून आणि पायांच्या मागून लांब रेशमी झालरी सुटलेल्या. मागच्या मांडीला पट्टी बांधलेली.

"ग्रेहाउंड आहे का हो?" मी विचारलं.

वहिनींनी माझ्याकडं असं पाहिलं की मी जणू त्यांच्या माहेरचं नाव चुकीचं घेतलं. "पश्मी हाय बाई. आपल्याकडचीच. माझ्या माहेरी चार पिढ्या हायेत. तुम्ही परभणीत राहून पश्मी पाहिली नाही?"

खरं सांगायचं तर पाहिली होती, पण ओळखली नव्हती. जिंतूरच्या रस्त्यानं जाताना मेंढरांच्या मागं, किंवा गंगाखेडकडं कुणाच्या आखाड्यावर असली सडपातळ कुत्री दिसतात. आपल्याला वाटतं, दुष्काळी भागातलं कुत्रं, असंच असायचं. परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर या पट्ट्यात ही जुनी जात टिकून आहे. अंगभर तुळतुळीत केस असलेलं ते कारवानी आणि कान-शेपटीला झालर असलेलं ते पश्मी, असं इथली माणसं म्हणतात. लातूरकडं चाकूर तालुक्यातल्या जानवळचं नाव या कुत्र्यांसाठी निघतं. आणि नांदेडच्या लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा, तिथं तर घोडे, गाढवं, उंटांबरोबर कुत्र्यांचंही प्रदर्शन भरतं.

"आता बरगड्यांचं सांगा," मी म्हटलं. "मामींना काय उत्तर देऊ?"

"त्यांना म्हणा, शेवटच्या तीन बरगड्या अन् ढुंगणावरची दोन हाडं दिसलीच पाहिजेत. नाही दिसली तर कुत्रं बिघडलं. माझे वडील पिल्लू घेताना हात फिरवून आधी हेच पाहायचे. लठ्ठ पश्मी म्हणजे मालक आळशी."

हरणी इथं आली कशी, ती कथा वहिनींनी मग सविस्तर सांगितली. येलदरीच्या अलीकडं दिराचं शेत. हरभऱ्यात रोही घुसली, बारा-पंधरांचा कळप. हरणी सुटली. कळप बांध ओलांडून गेला, ही मागं, आणि मधे कुणीतरी नवीन काटेरी तार ओढलेली. तिनं तार पाहिली तोवर ती हवेत होती. मांडीची कातडी वीतभर उलगडली.

"दुसऱ्या कुत्र्याला नुसतं खरचटलं असतं," वहिनी म्हणाल्या. "हिची कातडी कागदाची. खाली चरबीच नाही."

दिरानं मोटारसायकलवर मधे बसवून थेट परभणीला आणली, पशुवैद्यक महाविद्यालयाच्या दवाखान्यात. टाके पडायचे, म्हणजे भूल आली. तिथल्या डॉक्टरांनी म्हणे आधी कुत्र्याकडं पाहिलं आणि मग औषधाच्या बाटलीकडं. या अंगकाठीच्या कुत्र्यांना भूल देणं जरा जोखमीचं काम असतं. जुन्या पद्धतीचं थायोपेंटोन दिलं तर साधं कुत्रं ठरल्या वेळी उठतं, ही मात्र तासन् तास पडून राहतात. एक तर ते औषध अंगातल्या चरबीत मुरून रक्तातलं कमी होतं, आणि इथं चरबीच नाही. दुसरं म्हणजे यांचं यकृतही ते औषध सावकाश फोडतं. ग्रेहाउंडवर हे नीट तपासलं गेलंय. म्हणून आता वेगळं औषध वापरतात.

"रक्ताचा रिपोर्ट आला तर दीर घाबरला," वहिनींनी पुढचं सांगितलं. "म्हणाला, रक्त लई घट्ट हाय म्हणायलेत, पाणी कमी पडलं का काय. डॉक्टर हसले. म्हणाले, हिचं असंच राहतंय."

तेही खरं आहे. पळण्यासाठीच घडलेल्या या जातींच्या रक्तात तांबड्या पेशी जास्त असतात. साध्या कुत्र्याच्या रक्तात त्यांचा हिस्सा ४५ टक्क्यांच्या आसपास, ग्रेहाउंडच्या रक्तात तो ५० ते ६० आणि कधी त्याहून वर. हृदयही अंगाच्या मानानं मोठं. वास घेत माग काढणारी कुत्री वेगळी. ही नजरेची कुत्री. जमिनीला नाक लावायचं नाही, मान वर, डोळा क्षितिजावर, आणि हललेलं काही दिसलं की सुटायचं. पळताना चारही पाय एका ढांगेत दोनदा जमिनीवरून सुटतात. एकदा पोटाखाली गोळा झालेले, एकदा पुढं-मागं ताणलेले. घोड्याचे एकदाच सुटतात.

मी हे सांगत होते, तेवढ्यात पलीकडच्या घरातले चाऊस चाचा कपबशी हातात घेऊन भिंतीशी आले. चाचा एस.टी.तून रिटायर झाले, तरी त्यांची वेळ अजून गाडीची. चारला चहा, सव्वाचारला भिंत.

"भाभी, मी रोज पाहतो, आज बोलतो. ये तो सलूकी है," चाचा म्हणाले. "आमच्या परदादांच्या मुलखातली."

चाऊस मंडळी मूळची यमनमधल्या हद्रमौतची. निजामाच्या पदरी अरब शिपायांची मोठी फौज होती. खजिन्यावर पहारा, गढ्यांवर ठाणी, महसुलाची वसुली आणि वरून सावकारी, असा त्यांचा जुना कारभार. परभणी १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानात होती. चाचांचं घराणं त्या फौजेच्या काळापासून इथलंच. घरी बोली दखनी, बाजारात मराठी, आणि भांडायला दोन्ही.

"अरब आदमी कुत्र्याला घरात घेत नाही," चाचा सांगू लागले. "पण सलूकीची गोष्ट अलग. तंबूत झोपवतात, हातानं खिलवतात. बाज उडवायचा, बाजनं शिकार दाखवायची, सलूकीनं धरायची. आमचे लोक आले तेव्हा घेऊन आले असतील ना!"

"म्हणजे आमची हरणी तुमची सोयरी?" वहिनींनी भिवया वर केल्या.

"हौ. कायकू नक्को?"

शाळेत इतिहास शिकवल्याची खोड जात नाही. मी म्हटलं, "चाचा, कागद कुठंय? हद्रमौतहून निघालेला शिपाई गलबतात बसून आला. पोटासाठी नोकरी शोधत निघालेला माणूस बरोबर कुत्रं घेऊन चढेल?"

"मॅडम, अरबी घोडा गलबतातून आला का नाही?"

इथं चाचांनी मला धरलं. अरबी घोडे दख्खनमध्ये शतकानुशतकं समुद्रातूनच आले. बहमनी सुलतानांच्या काळापासून चौल, दाभोळ, गोव्याच्या बंदरांत ते उतरत होते, आणि घोड्याबरोबर त्याचा मोतद्दार, व्यापारी, त्यांचं बिऱ्हाड. त्या गलबतांत लांब कानांची चार कुत्री असतील तर ती कोण मोजणार? घोड्याला किंमत होती, म्हणून त्याच्या नोंदी सापडतात. तेव्हा चाचांच्या परदादांच्या कितीतरी आधी ही कुत्री इथं पोचलेली असू शकतात. जमिनीवरूनही वाट होतीच. खैबरमधून उतरलेले पठाण, रोहिले. आणि त्यांच्या फौजांना धान्य पुरवणारे लमाण. मोगलांच्या दख्खन मोहिमांत बैलांच्या पाठीवर धान्य वाहणारे हेच तांडे. तांड्याला राखणीला कुत्रं लागतंच.

"अन् आमच्या खंडोबाचं कुत्रं कुठं गेलं?" वहिनी एकदम म्हणाल्या. "देवाच्या घोड्यासंगं कुत्रं हाय ना? माळेगावला जाऊन पाहा. तेव्हा कुठं होते तुमचे अरब?"

चाचांनी चहा संपवला. याला उत्तर नव्हतं, आणि असतं तरी त्यांनी दिलं नसतं. माळेगावला ते स्वतः दरसाल जातात, घोडे पाहायला.

माझं मत विचाराल तर यातला एकच एक रस्ता खरा मानायचं कारण नाही. पण कुत्र्याच्या अंगावर जे लिहिलंय ते मात्र वाचता येतं. सलूकी, अफगाण, इकडची पश्मी: तोच निमुळता माथा, तीच कंबर, त्याच जागी झालरी, आणि स्वभावातला तोच अलिप्तपणा. इजिप्तच्या जुन्या थडग्यांतल्या चित्रांत अशीच लोंबत्या कानांची, झालरीच्या शेपटीची सडपातळ कुत्री आहेत. २००४ साली 'सायन्स' नियतकालिकात ८५ जातींच्या कुत्र्यांच्या जनुकांचा एक अभ्यास आला. त्यात सलूकी आणि अफगाण हाउंड लांडग्याच्या सर्वांत जवळच्या, जुन्या गटात निघाले. पश्मी त्या यादीत नव्हती. आपल्या कुत्र्यांचं नशीबच असं. यादी होते तेव्हा ती शेतात असतात.

चाचांना मी गमतीनं म्हटलं, तुमची सलूकी विलायतेत गेली आणि साहेबीण झाली. १८९५ मध्ये लेडी फ्लॉरेन्स ॲम्हर्स्ट यांनी पिल्लं आणून इंग्लंडमध्ये पैदास सुरू केली, आणि १९२३ मध्ये तिथल्या केनेल क्लबनं जातीला मान्यता दिली. अफगाण हाउंडची वाट तर हिंदुस्थानातूनच गेली. झार्डिन नावाचा एक नर इथून परतणाऱ्या इंग्रज कॅप्टननं नेला, आणि १९०७ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या प्रदर्शनात त्यानं लोकांना वेड लावलं. पुढं त्याच्या वंशाचं नाही, पण त्याच्या रूपाचं वेड वाढत गेलं. डोंगरातल्या थंडीसाठी आलेले लांब केस आणखी लांब केले, आणि बर्फात हरणामागं धावणारं कुत्रं गालिच्यावर हळूहळू चालू लागलं. १९९४ साली स्टॅन्ली कोरेन या मानसशास्त्रज्ञानं हुकूम पाळण्यावरून जातींचे नंबर लावले. ७९ नंबरांत अफगाण शेवटचा.

"हुकूम पाळत नाही म्हणजे अक्कल नाही?" वहिनींना ते झोंबलं. "मंग आमच्या घरातले सगळेच ढ म्हणायचे! अहो बाई, सशामागं सुटलेल्या कुत्र्यानं मालकाला विचारायला मागं पाहिलं तर ससा थांबतो का? पुढचं तिचं तिलाच ठरवायचं राहतं."

हे मात्र कोरेन साहेबांनी वहिनींना विचारायला हवं होतं. राखणदार कुत्र्याला धन्याचा हुकूम लागतो. नजरेच्या कुत्र्याला धनी अर्धा कोस मागं टाकून एकटीनं निर्णय घ्यायचा असतो. शेकडो वर्षं जे कुत्रं हाकेला परत फिरलं नाही, त्याचीच पिल्लं ठेवली गेली. मग घरात बसून "शेकहँड कर" म्हटल्यावर ते तोंड फिरवणारच. हरणी तशीच आहे. भुंकत नाही, लाडात येत नाही, अनोळखी हात डोक्याकडं आला की मान काढून घेते. मामींनी पहिल्याच दिवशी गोंजारायला हात घातला आणि तिनं तो चुकवला. मला तर शंका आहे, बरगड्यांची तक्रार तिथूनच सुरू झाली.

"या झालरीचं काय?" चाचांनी विचारलं. "सगळ्या पिल्लांना येते?"

"नाही ना. तेच तर." वहिनींचा हा आवडता विषय. "मागल्या साली हरणीच्या आईला कारवानी नर लावला. सहा पिल्लं. तीन तुळतुळीत, तीन पश्मी. एकाच वेतात! लोक म्हणायले दोन बाप असतील."

दोन बापांची गरज नाही. आखूड केसांचा गुण वरचढ असतो, लांब झालरीचा दबून राहणारा. कारवानीच्या अंगात झालर लपून बसलेली असू शकते. आजीचे घारे डोळे लेकात दिसत नाहीत आणि नातीत उगवतात, तसं. दोन तुळतुळीत कुत्र्यांच्या पोटीसुद्धा, दोघांच्या अंगात तो गुण लपलेला असेल तर, एखादं पश्मी पिल्लू निघतं. उलट दोन्ही पश्मी असतील तर पिल्लं सगळी पश्मीच. सलूकीतही असंच आहे, झालरीवाल्या आणि बिनझालरीच्या दोन्ही एकाच जातीत धरतात. आपल्याकडं कागदावर कारवानीला जागा मिळाली, आणि पश्मी बहुतेक वेळा दाराबाहेर राहिली.

कागदावरून आठवलं आणि मी नको तो विषय काढला. मुधोळ.

"त्यांचं नाव नका काढू," वहिनी म्हणाल्या.

राग समजण्यासारखा आहे. कर्नाटकातल्या मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे, म्हणजे मराठे घराणंच. त्यांनी रानातल्या लोकांकडची ही कुत्री पाहिली, जोपासली, आणि सांगतात ते असं की इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला एक जोडी भेट दिली. तेव्हापासून ती 'मुधोळ हाउंड'. पुढं सगळं रांगेनं आलं. २००५ मध्ये टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात रामपूर, राजापालयम आणि हिमालयन शीपडॉगबरोबर मुधोळ. तिम्मापूरला संशोधन केंद्र. २०१६ मध्ये सैन्याच्या मेरठच्या केंद्रात ट्रेनिंगला पिल्लं. २०२० मध्ये देशात पहिल्यांदाच कुत्र्यांच्या जातींची सरकारी नोंद झाली, राजापालयम, चिप्पीपराई आणि मुधोळ. आणि मुधोळच्या पुढं राज्य लागलं कर्नाटक. त्याच वर्षी पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये नाव घेतलं.

"कारवानी काय, मुधोळ काय, कुत्रं तेच," चाचा म्हणाले. "त्यांना राजा मिळाला, आम्हाला एस.टी. बनी तो बनी, नहीं तो परभनी!"

"जगात जर्मनी, भारतात परभणी," वहिनींनी लगेच परतफेड केली. त्या माहेरच्या जिंतूरच्या. परभणीला नावं ठेवायचा हक्क त्या चाचांना देत नाहीत.

मुधोळनं काही चोरलं नाही, हे मी वहिनींना हळूच सांगून पाहिलं. त्यांनी नाव दिलं, वही ठेवली, कुठल्या मादीला कुठला नर लावला ते लिहून काढलं. आपण "चार पिढ्या हायेत" एवढ्यावर थांबलो. विद्यापीठ इथं, पशुवैद्यक महाविद्यालय इथं, कुत्री आखाड्यावर, आणि मधे वीस-पंचवीस मैलांचं अंतर. ते अंतर कापायला कुणाला फार धावावं लागलं नसतं.

"वही कोण लिहिणार? दिराला सातबारा वाचता येईना झालाय," वहिनी पुटपुटल्या. पण मला वाटतं, ते त्यांना लागलं.

मग गोष्ट बहात्तर सालच्या दुष्काळावर गेली. मराठवाड्यात कुठलीही गोष्ट शेवटी बहात्तरवर जातेच. वहिनी तेव्हा फ्रॉकमधे होत्या. वडिलांकडं पाच कुत्री. माणसांना लाल मिलोची भाकर, खडीच्या कामावर लेकरांना सुकडी. कुत्र्यांना काय देणार? वडिलांनी तीन वाटून टाकली, दोन ठेवली. ती दोन स्वतःचं पोट स्वतः भरत होती, आणि कधी घरच्यांचंही. ससा यायचा घरात. वहिनींनी हे आवाज खाली घेऊन सांगितलं, जसं काही भिंतीपलीकडं फॉरेस्ट गार्ड उभा आहे. त्याच वर्षी, मे महिन्यात परभणीला कृषी विद्यापीठ झालं आणि सप्टेंबरात वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. एका वर्षात गावाला विद्यापीठ मिळालं आणि पश्मीची नोकरी गेली.

कायदा हवाच होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. काळवीट किती उरले होते ते त्या पिढीनं पाहिलंय. आजही कुत्र्यानं ससा धरला तर गुन्हा मालकाच्या माथी. पण कुत्र्याचं काय झालं, हे कुणी पाहिलं नाही. धावण्यासाठी घडवलेलं जनावर, आणि धावायचं कारण बेकायदा. काही घराण्यांनी कुत्री सोडून दिली, गावठी कुत्र्यांत मिसळली. काहींनी मेंढरांमागं ठेवली. आणि आता दहा-पंधरा वर्षांत शहरातून गाड्या येऊ लागल्यात, पश्मी पाहिजे म्हणून. झालर लांब पाहिजे, रंग गोरा पाहिजे, इन्स्टाग्रामवर शोभला पाहिजे. दोन वर्षांत तेच कुत्रं दारात साखळीला, नखं वाढलेली, वाकडी. मला विचाराल तर शिकाऱ्यांपेक्षा या गाड्यांची मला जास्त भीती वाटते. लांब झालरीसाठी पिल्लं निवडत गेलं की छाती, कंबर, नजर मागं पडते. अफगाणचं झालं ते पश्मीचं व्हायला शंभर वर्षं लागणार नाहीत.

"आमच्या दिराची धरत नाही, नुसती उभी राहती," वहिनी म्हणाल्या. "सांजच्याला बांधावर उभी केली की रोही लांबूनच वळतात. रानडुक्कर मात्र भीत नाही. डुकरामागं ही पण जात नाही. तेवढी अक्कल हाय, कोण ते कोरेन, त्यांना सांगा."

चाचांनी भिंतीवरून वाकून हरणीच्या कमरेकडं पाहिलं. "अरब लोक इथं बोटं ठेवतात," ते म्हणाले आणि दोन हाडांच्या मधली जागा हवेतच दाखवली. "जितकी बोटं बसली, तितकी दौड."

"ठेवा ना मंग."

चाचांनी हात पुढं केला. हरणीनं एक पाऊल मागं घेतलं, त्यांच्या हाताकडं पाहिलंही नाही, आणि पुन्हा रस्त्याच्या टोकाकडं नजर लावली.

"खानदानी आहे," चाचा म्हणाले. अपमान इतक्या चांगल्या तऱ्हेनं गिळणारा माणूस गल्लीत दुसरा नाही.

एवढ्यात मामी आल्या. हातात वाटी नव्हती, म्हणजे काम होतं. आधी हवेचं बोलल्या, मग सोयाबीनच्या भावाचं, मग हळूच विचारलं, "पिल्लं कधी होणार हिला?"

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. मी कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या.

"टाके निघू द्या. दिवाळीनंतर बघू. काऊन?"

"आमच्या पोराला पाहिजे. पुण्यात फ्लॅट घेतलाय ना, नवव्या मजल्यावर. त्याच्या मित्राकडं आहे असलंच. फार भारी दिसतं म्हणे."

"नवव्या मजल्यावर? पळणार कुठं, लिफ्टमधे?"

"खाली गार्डन आहे की. पट्टा लावून फिरवील. आणि सर्टिफिकेट मिळतं का हो? तो म्हणत होता पेपर पाहिजेत."

"कागद नाही. मायबाप दाखवते. माय ही इथं उभी हाय, बाप येलदरीला हाय, येऊन पाहा."

"आणि पैसे?"

"दीर पैसे घेत नाही. फक्त सालभरानं एकदा येतो, न सांगता. कुत्रं साखळीला दिसलं तर उचलून मोटारसायकलवर टाकतो अन् घेऊन येतो. पुण्याहून एकदा आणलंय तसं. माणूस मागं पळत होता, म्हणे पोलिसात जाईन. गेला नाही."

मामी विचारात पडल्या. नववा मजला, गार्डन, न सांगता येणारा दीर, असा सगळा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर चाललेला दिसत होता.

"आमच्या पोराला लॅब्राडोरच बरा," त्या म्हणाल्या.

"घ्या की," वहिनी म्हणाल्या आणि दुसऱ्या बाजूला वळल्या. "चाचा, मामींच्या वाट्याचं पिल्लू तुमचं. तुमच्या भावाचं शेत हाय ना पाथरीच्या रस्त्याला? नर देऊ का मादी?"

"मादी," चाचा एका क्षणात म्हणाले. मग घराच्या दाराकडं एकदा पाहून आवाज खाली घेतला. "पण बेगमला अजून काही बोललो नाही. मॅडम, तुमचं ऐकती ती. आप जरा बात करके देखो ना."